चळवळीच्या हातातली चिमूट

कर्जत-खालापूरच्या कोणत्याही बौद्धवाड्यात बैठक भरली की विषय निघण्याआधी कुणाच्या तरी तळहातावर चुना-तंबाखू मळली जाते. चिमूट शेजाऱ्यापुढे जाते. ‘नको’ म्हणणारा परका वाटतो. व्यसनमुक्तीवर तासभर बोललेला कार्यकर्ताही खाली बसताच हात पुढे करतो. हे दृश्य आपल्याला खटकत नाही, हीच खरी अडचण आहे.

14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तंबाखूचे नाव तिथे नाही, एवढ्या पळवाटेवर आपण निर्धास्त राहिलो. पण पाचवे शील भान हिरावणाऱ्या नशेपासून दूर राहायला सांगते. जिच्यावाचून सकाळी हात कामाला लागत नाही, ती सवय मालक झालेली असते. गुलामी नाकारणाऱ्या समाजाने हीही मालकी नाकारली पाहिजे.

अर्थात, दोष केवळ खाणाऱ्याचा नाही. वीटभट्टीवर, शेतावर, बांधकामावर राबणारा माणूस भूक मारण्यासाठी तंबाखू चघळतो. दाढदुखीवर औषध म्हणून बाईच्या हाती मशेरी येते आणि जन्माची चिकटते. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशी तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले. म्हणजे गरिबीचा भार बाळ पोटातच उचलू लागते. 2016-17 च्या सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रातील 24.4 टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरतात. तोंडात गाठ आली की हाच मजूर रोजगार बुडवून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडतो आणि परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतो.

कायदा आहे. 2003 च्या कायद्याने शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, अठरा वर्षांखालील मुलाला तर कुठेच विकता येत नाही. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. तरीही पुड्या मिळतात, कारण विचारणारे कुणी नाही. हे विचारणे आपले काम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक बसतात. त्यांनी शाळेच्या फाटकापासून अंतर मोजावे आणि ग्रामसभेत ठराव मांडावा. महिला मंडळांनी आशाताईंना सोबत घेऊन मशेरीवर बोलावे, वीटभट्टीवरच्या कातकरी भगिनींशीही; पण हिणवून नव्हे, सोबत बसून. सोडू पाहणाऱ्याला 1800-11-2356 हा सरकारी मोफत क्रमांक द्यावा.

सुरुवात मात्र घरातून हवी. याच कर्जत तालुक्यात कोंडाण्याची सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तो वारसा सांगणाऱ्यांच्या विहाराच्या पायरीवर पिचकारीचा डाग शोभत नाही. येत्या 14 एप्रिलच्या जयंतीपूर्वी प्रत्येक विहार समितीने एक ठराव करावा: विहारात तंबाखू नाही, बैठकीत चिमूट नाही. आणि त्या ठरावाखाली पहिली सही नेत्याची असावी.

जयभीम!