'बळी' लिहिणारी सरकारी अधिकारी

विभावरी शिरूरकर या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिका म्हणजेच मालतीबाई बेडेकर. १९३३ साली त्यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला आणि पुण्यात केवढं वादळ उठलं, ते बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण या बाईंनी सरकारी नोकरीही केली होती, हे किती जणांना माहीत आहे?

माहेरच्या बाळूताई खरे. महर्षी कर्व्यांच्या स्त्रीशिक्षण संस्थेत शिकल्या, तिथेच शिकवलं. मुलींना शिकवणाऱ्या वडिलांवर पुढे 'खरेमास्तर' लिहिलं. १९३७च्या सुमारास त्या सोलापूरला सरकारी अधिकारी म्हणून गेल्या, त्याही कुठे? तथाकथित 'गुन्हेगार जमातीं'च्या सेटलमेंटमध्ये! भोवती काटेरी तारांचं कुंपण, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायचं तर पास. तिथे जन्मलेल्या तान्ह्या बाळावरही १९२४च्या कायद्याने आधीच शिक्का मारलेला.

१९३८मध्ये विश्राम बेडेकरांशी लग्न झालं ('रणांगण' कादंबरीवाले, हो तेच). मग संसार, मूल, लेखन. तारांमागे जे पाहिलं ते १९५०च्या 'बळी' कादंबरीत उतरलं. माझ्या मते 'कळ्यां'पेक्षा हे पुस्तक मोठं, तरी चर्चा कमीच. 'गुन्हेगार जमातीं'चा तो कायदा देशभरातून गेला १९५२मध्ये.

१९८१च्या समांतर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाही मालतीबाईच. २००१मध्ये त्या गेल्या.

पुण्यात बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या खरेदीला जाल तेव्हा 'बळी' आवर्जून मागा. आणि घरात कुणाची आई-आजी सरकारी नोकरीत असेल, तर तिच्या पहिल्या पोस्टिंगबद्दल विचारा आणि इथे लिहा.