घड्याळात सहा वाजवणारा पाय

एक पाय जमिनीवर, दुसरा सरळ आभाळाकडे, कानाला चिकटलेला. घड्याळाचे काटे सहा वाजता असतात तसे. बॅलेच्या जगात या अवस्थेला ‘सिक्स ओ’क्लॉक’ म्हणतात आणि ती फ्रेंच नर्तकी सिल्वी गिलेमच्या नावाशी जोडलेली आहे. गिलेम मुळात जिम्नॅस्ट. 1984 मध्ये, वयाच्या 19 व्या वर्षी, पॅरिस ऑपेराच्या बॅलेचा संचालक रुडॉल्फ नुरेयेवने तिला ‘एत्वाल’ हे सर्वोच्च पद दिलं. तिचे पाय पाहून प्रेक्षक थक्क व्हायचे. काही जाणकार मात्र कुरकुरायचे, की हे नृत्य नव्हे, कसरत आहे.

कुरकुर अगदीच निराधार नव्हती. लंडनच्या रॉयल बॅलेने 1946 ते 2004 या काळात ‘स्लीपिंग ब्यूटी’चे जे प्रयोग केले, त्यांची छायाचित्रं संशोधकांनी मोजपट्टी लावून तपासली. नृत्यरचना तीच, भूमिका त्याच, पण नर्तकींचे पाय दशकागणिक वर चढत गेलेले. नृत्याशी संबंध नसलेल्या सामान्य माणसांना नुसत्या आकृत्या दाखवल्या, तर त्यांचीही पसंती उंच पायालाच. म्हणजे गिलेमने ही हवा निर्माण केली नाही. वारं आधीपासूनच त्या दिशेने वाहत होतं. आज ऑडिशनला उभ्या राहणाऱ्या मुलीकडून तेवढी उंची गृहीतच धरली जाते.

पण ती उंची येते कुठून?

आधी हाडांतून. मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या उखळीत बसतो. ती उखळ किती खोल आहे, तिचं तोंड कुठे वळलेलं आहे, हे वाढ पूर्ण होताना ठरून जातं. नंतर कितीही ताण दिला तरी हाड बदलत नाही. पाय तसाच बाजूला उचलत गेलं, तर मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा कमरेच्या हाडाशी अडतो. पाय बाहेरच्या बाजूला फिरवला की तो उंचवटा मागे सरकतो आणि वाट मोकळी होते. बॅलेतली बाहेर वळलेली पावलं नुसती शोभेची नाहीत, ती यासाठीही असतात. ज्यांचा खुबा इतका फिरत नाही, ते गुडघा आणि घोटा पिळून तूट भरून काढतात. त्याची किंमत पुढे गुडघ्यालाच मोजावी लागते.

हाडांनंतर प्रश्न मज्जासंस्थेचा. रोज ताण दिल्याने स्नायू रबरासारखे लांबतात, अशी समजूत आहे. काही आठवड्यांच्या सरावात प्रत्यक्षात जे बदलतं, ते बरंचसं सहनशक्तीचं असतं: पूर्वी ज्या टोकाला मेंदू ‘थांब’ म्हणायचा, तिथे तो आता थोडं आणखी जाऊ देतो. आधी स्नायू आवळायचा, मग सैल सोडून पुढे न्यायचा, ही नर्तकांची आवडती पद्धत त्यामुळेच कामाला येते. तिचा उगम नृत्यशाळेत नाही, 1940 च्या दशकातल्या रुग्णांच्या पुनर्वसनात आहे. प्रयोगाच्या ऐन आधी मात्र एकेक स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरणं टाळलेलं बरं. त्याने स्नायूची ताकद तात्पुरती घटते आणि उडी खुजी होते.

काही जणांना हे सगळं फुकट मिळतं. करंगळी मागे नव्वद अंशांहून जास्त वळते का, अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघे उलटे झुकतात का, गुडघे न वाकवता तळवे जमिनीवर टेकतात का, अशा नऊ गुणांच्या ‘बेटन’ चाचणीने सांध्यांचं जन्मजात सैलपण मोजतात. नृत्यवर्गात अशी मुलं हटकून सापडतात, कारण निवड करणारे डोळे त्यांच्यावरच आधी ठरतात. गंमत अशी, की त्यांना आणखी ताणण्याची गरज सगळ्यात कमी असते. त्यांचे अस्थिबंध ढिले. सांधा जागेवर ठेवायची जबाबदारी स्नायूंवर पडते. त्यांच्या तालमीत स्ट्रेचिंग कमी आणि ताकदीचे व्यायाम जास्त हवेत. नेमकं हेच त्यांना पटवणं सर्वांत कठीण, कारण टाळ्या स्प्लिटला पडतात.

पाठीवर झोपलेल्या नर्तकीचा पाय जोडीदाराने ढकलला तर तो नाकापर्यंत येतो. तीच उभी राहिली की पाय छातीपर्यंतच जातो. या दोन उंचींमधलं अंतर म्हणजे ताबा नसलेली लवचिकता, आणि दुखापती बहुधा तिथेच होतात. म्हणून जाणते शिक्षक पाय बारवर, म्हणजे सरावाच्या आडव्या दांड्यावर, ठेवायला सांगतात आणि मग हाताची मदत न घेता चार बोटं वर उचलून धरायला लावतात. दिसायला किरकोळ, करायला जीवघेणं!

ताब्याचं हे महत्त्व बॅलेबाहेरही दिसतं. मंगोलियात शरीर वळवण्याच्या कलेला ‘उरान नुगराल्त’ म्हणतात. उलानबातरमध्ये तयार झालेल्या कलाकार जगभरच्या सर्कशींत दिसतात. त्यांच्या शिक्षणात पाठ वाकवण्याइतकाच वेळ हातांवर उभं राहण्याला जातो. खांदे आणि पोट भक्कम नसेल तर सगळा वाक कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो आणि वाढत्या वयात तिथल्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. आपल्याकडे दोरीच्या मल्लखांबावरची मुलंही शरीर वाकवतात ती पकडीच्या जोरावरच.

ओडिशातली तऱ्हा वेगळी. पुरीजवळच्या रघुराजपूरमध्ये मुलींच्या वेशातले मुलगे गोटिपुआ हे नृत्य करतात. त्यातलं ‘बंध नृत्य’ म्हणजे नृत्यातच गुंफलेले अवघड देहबंध. मुलं पाच-सहा वर्षांची असताना शिक्षण सुरू होतं आणि मिसरूड फुटू लागली की भूमिका संपते. याच गावात जन्मलेल्या केलुचरण महापात्रांची सुरुवात गोटिपुआ म्हणून झाली. पुढे ओडिसी या शास्त्रीय नृत्याला आजचं मंचीय रूप देणाऱ्यांत ते अग्रणी ठरले. त्या ओडिसीत बंध जवळजवळ नाहीत. त्रिभंग आणि चौक या उभं राहण्याच्या मूळ पद्धती आहेत. त्यांच्या बळावर केलुचरण सत्तरीतही मंचावर नाचत राहिले.