तीस सेकंदांतली माणसे आणि बंदीचा बडगा

दूरचित्रवाणीवरील जाहिरात साधारणपणे दहा, वीस किंवा तीस सेकंदांची असते, आणि प्रत्येक सेकंदाचे दाम मोजावे लागत असल्यामुळे पडद्यावर आलेले माणूस कोण, कोणत्या थरातले, घरात त्याचे स्थान काय, हे सविस्तर सांगण्याइतकी उसंत जाहिरात करणाऱ्याला कधीच नसते. कादंबरीकार जे काम दोन प्रकरणांत करतो, ते येथे एखाद्या साडीने, एखाद्या टोपीने किंवा बोलण्याच्या एका हेलाने उरकावे लागते. हातात मुलाचा डबा असला की ती आई, पांढरा कोट असला की तो डॉक्टर, आणि पदर खोचलेला असून हिंदी मराठी वळणाची असली की ती कामवाली बाई. हिंदी जाहिरातींतील ही शेवटची ओळख मराठी प्रेक्षकाच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की स्वतःच्या भाषेला मिळालेल्या या कायमच्या नेमणुकीबद्दल हरकत घ्यावी, असे पुष्कळांच्या मनातही येत नाही.

अशा आयत्या ओळखींना अभ्यासक 'स्टिरिओटाइप' म्हणतात, आणि मराठीत त्यासाठी 'साचेबंद प्रतिमा' हा शब्द रुळला आहे. मूळ शब्द छापखान्यातला आहे. खिळे जुळवून तयार झालेल्या पानाचा साचा घेऊन, त्यात धातू ओतून जी अखंड पाटी तयार करीत, तिला हे नाव होते. तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येत, पण खिळ्यांच्या पानात करता येई तसा अक्षराअक्षराचा बदल तिच्यात करणे सोपे नसे. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली 'पब्लिक ओपिनियन' या ग्रंथात माणसांच्या मनात आधीच ओतून ठेवलेल्या चित्रांसाठी हा शब्द वापरला आणि तो समाजशास्त्रात स्थिरावला. याच्या जोडीला येणारा दुसरा शब्द 'प्रतिनिधित्व' होय. राजकारणात प्रतिनिधी निवडून द्यावा लागतो. जाहिरातीत मात्र एका चेहऱ्याने हजारो सासवांचे, शेतकऱ्यांचे किंवा सावळ्या मुलींचे प्रतिनिधित्व करायचे असते, आणि त्या हजारोंना कोणी विचारलेले नसते.

साचा केवळ वेशभूषेत असतो, असे नाही. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 'जेंडर अॅडव्हर्टाइझमेंट्स' या १९७९ च्या पुस्तकात छापील जाहिरातींतील शेकडो छायाचित्रे शेजारीशेजारी मांडून दाखवले, की पुरुषाचा हात वस्तू घट्ट पकडतो, वापरतो, तर स्त्रीचा हात तिच्यावरून नुसता फिरतो. दोघे मिळून काम करीत असतील तर चालवणारा तो आणि पाहणारी ती. आणि उंचीचा साधा फरकसुद्धा अधिकाराची खूण म्हणून वापरला जातो. एखाद्या मोटारीच्या किंवा विमा योजनेच्या जाहिरातीतला आवाज बंद करून फक्त हातांकडे पाहिले, तर हे निरीक्षण अजूनही बऱ्याच ठिकाणी लागू पडते.

भारतात दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून सुरू झाल्या आणि पुढे उपग्रह वाहिन्यांचे पेव फुटल्यावर त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) अधिनियम १९९५ चा आणि त्याखालील नियम १९९४ चे आहेत. कारण आरंभी हा कायदा अध्यादेशाच्या रूपाने आला होता. या नियमांतील सातवा नियम म्हणजे जाहिरातींची आचारसंहिता. वंश, जात, वर्ण, पंथ किंवा राष्ट्रीयत्व यांची टवाळी करणारी जाहिरात दाखवता येणार नाही, हे त्यात आहेच. पण त्यापुढे जाऊन, स्त्रीचे निष्क्रिय व आज्ञाधारक गुण ठळक करणारे आणि कुटुंबात व समाजात तिने दुय्यम भूमिका घ्यावी असे सुचवणारे चित्रण करू नये, असेही हा नियम सांगतो. त्याचा शब्दशः अंमल झाला असता तर धुण्याच्या साबणाच्या, मसाल्यांच्या आणि भांडी घासण्याच्या वडीच्या निम्म्याअधिक जाहिराती एका दिवसात बंद पडल्या असत्या. तसे झाले नाही, आणि बंदीचा बडगा नेमका कोठे पडतो हे पाहण्यासाठी धुण्याचेच उदाहरण घेणे सोयीचे आहे.

ऐंशीच्या दशकात स्वस्त निरमा पावडरीने सर्फची बाजारपेठ पोखरली, तेव्हा अलिक पदमसी यांच्या लिंटास या जाहिरात संस्थेने ललिताजी हे पात्र उभे केले. कविता चौधरी यांनी साकारलेली ही गृहिणी भाव करते, हिशेब मांडते, स्वस्त आणि किफायतशीर यांतला फरक समोरच्याला सुनावते. म्हणजे तिला बुद्धी आहे, ठामपणा आहे, पैशाचा व्यवहार तिच्या हाती आहे. तरीही कपडे तिनेच धुवायचे आहेत, ही गोष्ट जाहिरातीच्या चौकटीत प्रश्न म्हणून कोठेच येत नाही. २००७ साली याच कामाची एक वेगळी जाहिरात वादात सापडली. 'अमूल माचो' या अंतर्वस्त्रांच्या जाहिरातीत एक नवविवाहिता नवऱ्याची चड्डी धुते आणि धुताना तिच्या चेहऱ्यावर व हालचालींत शृंगाराचा खट्याळ भाव उमटतो. माहिती व प्रसारण मंत्रालयाने ही जाहिरात, तसेच 'लक्स कोझी' या त्याच व्यवसायातील दुसऱ्या छापाची एक जाहिरात, अश्लील व सूचक ठरवून बंद केली. जाहिरात अभिरुचीपूर्ण होती, असा दावा कोणी करणार नाही. पण आक्षेप कशाला होता, हे नीट पाहिले पाहिजे: स्त्रीने नवऱ्याचे कपडे धुण्याला नव्हे, तर ते धुताना तिला सुख वाटण्याला. दुय्यम भूमिकेचे कलम जागेवरच राहिले आणि शालीनतेचे कलम धावून आले. 'हे काम बाईचेच का', हा प्रश्न एका धुलाई पावडरीच्या जाहिरातमालिकेने प्रकटपणे विचारला तो २०१५ मध्ये, आणि तोही पावडर खपवण्यासाठीच.

आचारसंहितेतील मूळ आशयाला धरून कारवाई झाल्याचे एक ठळक उदाहरण मात्र त्याआधीचे आहे. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली बाजारात आले. त्याच्या एका जाहिरातीत, घरात मुलगा असता तर बरे झाले असते, अशी खंत एक बाप व्यक्त करतो. कारण सावळ्या मुलीच्या कमाईत घर भागत नाही. मुलगी मलम लावते, उजळते, हवाई सुंदरी होते आणि आईबापांचे दिवस पालटतात. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तीन मुद्दे मांडले: ही जाहिरात वर्णभेद करते, मुलग्याचा हव्यास जोपासते आणि नोकरी करणाऱ्या स्त्रीचा अपमान करते, कारण तिची पात्रता कातडीवर ठरवली जाते. तक्रार कंपनीकडे, तेथून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे आणि मग मंत्रालयाकडे गेली. मंत्रालयाने केबल कायद्याचा भंग झाल्याचे मान्य केले आणि २००३ मध्ये ही जाहिरात पडद्यावरून गेली. त्याच वर्षी कंपनीने मुलींच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देणारे प्रतिष्ठान काढले. मलम अर्थातच दुकानात होते तेथेच राहिले.

एका जाहिरातीवर बंदी आणल्याने तिच्यामागची समजूत का हटत नाही, याचे उत्तर मराठी माणसाला दूर जाऊन शोधावे लागत नाही. वधूवर सूचक मंडळांच्या नोंदवह्यांत 'गोरी' आणि 'सावळी' यांच्यामध्ये 'गव्हाळ' आणि 'निमगोरी' अशा दोन पायऱ्या पूर्वापार आहेत, आणि सावळ्या विठ्ठलाच्या वारीला निघणारी कुटुंबेही सुनेच्या बाबतीत त्या पायऱ्या मोजतात. जाहिरातीने हा बाजार निर्माण केला नाही. तिने त्याला चेहरा, संगीत आणि सुखान्त शेवट दिला. म्हणूनच भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये त्वचा उजळवणाऱ्या उत्पादनांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे केली, ती शब्दांपेक्षा चेहऱ्याच्या रेषांपर्यंत पोहोचतात. सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा खचलेली दाखवायची नाही. एवढेच नव्हे, तर मलम लावण्यापूर्वीच्या दृश्यातील चेहऱ्यावरही नकारात्मक भाव असता कामा नये. वर्णाचा संबंध जातीशी, व्यवसायाशी वा आर्थिक थराशी जोडायचा नाही. पुढे २०२० मध्ये अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी आंदोलनाची झळ जगभर पोहोचल्यावर कंपनीने 'फेअर' हा शब्द गाळून मलमाचे नाव 'ग्लो अँड लव्हली' केले.

ही मानक परिषद म्हणजे सरकारी खाते नव्हे. जाहिरातदार, जाहिरात संस्था आणि माध्यमे यांनी १९८५ साली स्वतःवर बंधन म्हणून स्थापन केलेली ही संस्था असून, तिचे ग्राहक तक्रार मंडळ प्रसारणानंतर आलेल्या तक्रारींवर निर्णय देते. सरकारने तिची संहिता केबल नियमांत ओवून घेतल्यामुळे तिच्या शब्दाला वाहिन्यांपुरते कायद्याचे वजन आले. 'जाहिरातीवर बंदी' हे वर्तमानपत्री शब्द म्हणूनच जपून वाचावे लागतात, कारण त्यांत मंत्रालयाचा आदेश, परिषदेचा निर्णय, वाहिनीने दिलेला नकार आणि कंपनीने घाबरून घेतलेली माघार, असे सगळेच एका पोत्यात भरलेले असते. पहिले दोन प्रकार एकत्र दिसले ते २०२२ च्या जूनमध्ये. 'लेअर शॉट' या अत्तरी फवाऱ्याच्या जाहिरातींत एकटी तरुणी आणि चार पुरुष यांच्यातील द्व्यर्थी संवाद सामूहिक बलात्काराची सूचना करणारा होता. क्रिकेट सामन्याच्या प्रसारणात त्या दाखवल्या गेल्यावर परिषदेने चौकशी पूर्ण होण्याची वाट न पाहता त्या थांबवायला सांगितले आणि मंत्रालयाने समाजमाध्यमांवरूनही त्या काढायला लावल्या. याबद्दल फारसे मतभेद झाले नाहीत.

मतभेद होतात ते शेवटच्या प्रकारात, आणि भारतात अलीकडे गाजलेली बरीच प्रकरणे याच प्रकारातली आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्क या दागिन्यांच्या पेढीने एक जाहिरात केली होती, जीत मुस्लिम सासरच्या घरात हिंदू सुनेचे डोहाळजेवण तिच्या माहेरच्या रीतीने चालले आहे, आणि ही रीत या घरातली नाही, असे सुनेने म्हटल्यावर मुलीला सुखी ठेवण्याची रीत प्रत्येक घरात असते, अशा अर्थाचे उत्तर सासू देते. तिच्यावर बहिष्काराची हाक उठली, कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे कारण देऊन कंपनीने ती मागे घेतली, आणि गुजरातमधील गांधीधामच्या दुकानाच्या दारावर माफीनामा लागला. याच जाहिरातीविरुद्धची तक्रार परिषदेकडेही गेली होती आणि तेथील मंडळाने, तीत असभ्य किंवा घृणास्पद असे काहीही नाही, असा एकमुखी निर्वाळा दिला होता. नियमाने निर्दोष ठरवलेली जाहिरात पडद्यावरून गेली, तेव्हा ती कोणी बंद केली, या प्रश्नाला कागदोपत्री उत्तर नाही. पुढच्याच वर्षी करवा चौथ साजरी करणाऱ्या दोन स्त्रियांचे जोडपे दाखवणारी डाबरच्या 'फेम' ब्लीचची चित्रफीत मध्य प्रदेशच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी कारवाईचा इशारा दिल्यावर मागे घेतली गेली. त्या प्रकरणातला उपरोध असा, की इशारा होता तो जोडप्यासाठी; चेहरा उजळवणाऱ्या ब्लीचसाठी नव्हे.

ब्रिटनमध्ये क्रम बराच वेगळा आहे. तेथे दूरचित्रवाणीच्या जाहिराती प्रसारणापूर्वीच तपासल्या जातात आणि त्यानंतर जाहिरात मानक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. या प्राधिकरणाने जून २०१९ पासून हानिकारक लिंगभेदी साच्यांवर बंदी घातली, आणि ऑगस्टमध्ये पहिल्या दोन जाहिराती अडकल्या. एकीत खाण्याच्या नादात गुंग झालेले दोन बाप आपली बाळे उपाहारगृहातल्या सरकत्या पट्ट्यावर विसरतात. दुसरीत पुरुष अंतराळात तरंगतात, एक जण कृत्रिम पायाने लांब उडी मारतो आणि स्त्री बाबागाडीशेजारी बाकावर बसलेली असते. पहिलीविरुद्ध १२८ तक्रारी आल्या होत्या, दुसरीविरुद्ध अवघ्या तीन. म्हणजे गलक्याच्या मोठेपणावर निकाल ठरला नाही. आणि चेष्टेचा विषय पुरुष असल्यामुळे पहिली सुटलीही नाही. बाबागाडीजवळ बसलेल्या स्त्रीत स्वतःहून काहीच आक्षेपार्ह नाही, ती इतरांच्या पराक्रमाशेजारी ठेवली म्हणून अर्थ बदलला, हा दुसऱ्या निकालातला बारकावा थेट गॉफमनच्या छायाचित्रांची आठवण करून देतो. भारतीय परिषदेनेही जून २०२२ मध्ये अशीच तत्त्वे जाहीर केली: स्त्री घर आवरताना दाखवायला हरकत नाही, मात्र ते काम फक्त तिचेच आहे, असे सुचवता येणार नाही. त्याच वर्षी टवाळीस मज्जाव असलेल्या गोष्टींच्या यादीत वय, शरीराची ठेवण, लैंगिक ओळख आणि शारीरिक व मानसिक अवस्था यांची भर पडली.

जात त्या यादीत पहिल्यापासून आहे, पण जातीवरून जाहिरात अडचणीत आल्याचे प्रसंग विरळा. जून २०२३ मध्ये पर्यावरण दिनानिमित्त झोमॅटोने 'लगान' चित्रपटातील कचरा या दलित पात्राची भूमिका करणाऱ्या नटालाच टेबल, दिवा आणि कुंडी बनवून टाकाऊतून टिकाऊचा संदेश दिला. टीका झाल्यावर चित्रफीत मागे घेतली गेली आणि राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने कंपनीला नोटीस बजावली. हे प्रकरण नोंदले गेले, कारण तेथे निदान दाखवण्याजोगे एक दृश्य होते. एरवी जाहिरातीतल्या प्रशस्त घरांत आडनावेच उच्चारली जात नाहीत, देवघर एकाच धाटणीचे असते, आणि आदिवासी कुटुंब चहा पिताना, विमा उतरवताना किंवा मोटार घेताना सहसा कोठेच दिसत नाही. अशा अनुपस्थितीसाठी आचारसंहितेत कलम नाही. आणि असते तरी तक्रार करणाऱ्याला कोणती जाहिरात, कोणती वाहिनी, कोणता दिवस आणि कोणती वेळ, हा तपशील भरून द्यावा लागला असता.