मोटारीला घरची वीज, पण बेताने

बंगळूरला मावसभावाकडे उतरलो होतो. रात्री गप्पा मारत बसलो असताना वहिनी एकदम म्हणाल्या, "भावोजी, काहीतरी जळल्यासारखा वास येतोय का हो?" स्वयंपाकघरात गॅस बंद होता. वास गॅरेजमधून येत होता. तिथे भावाची नवी प्लग-इन हायब्रिड मोटार चार्जिंगला लावलेली होती. भावाने आधी मुख्य स्विच बंद केला. मग प्लग काढायला गेला, तर बोटांना चटका बसला. सॉकेटची एक बाजू तपकिरी पडली होती.

प्लग-इन हायब्रिड म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि घरच्या विजेवर चार्ज होणारी बॅटरी, दोन्ही असलेली गाडी. भाऊ रात्री अकराला घरी येणार आणि सकाळी सहाला निघणार. ६ अँपिअरवर तेवढ्या वेळात बॅटरी पुरती भरत नसे आणि येताना पेट्रोल जळे. म्हणून त्याने त्याच आठवड्यात गाडीच्या पडद्यावरचा आकडा ६ वरून थेट १६ वर नेला होता. "सॉकेट १६ अँपिअरचंच आहे ना? आणि एमसीबी कुठे पडला?" हा त्याचा प्रश्न.

एमसीबी गप्प का बसला?

प्रश्न रास्त आहे आणि बहुतेक घरांत तो असाच विचारला जाईल. एमसीबी पडतो तो ठरलेल्यापेक्षा जास्त करंट वाहिला किंवा शॉर्ट झाला तर. इथे लाइनवर २० अँपिअरचा एमसीबी होता आणि गाडी १६ च घेत होती. त्याच्या लेखी सारे ठीक होते. बिघाड होता सॉकेटच्या मागच्या एका ढिल्या स्क्रूत.

उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत शिकून आपण विसरलेलो असतो. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. ढिल्या जोडाचा विरोध फक्त दशांश ओहम धरा. ६ अँपिअरला तिथे साडेतीन वॉटच्या आसपास उष्णता निघते, १० ला १० वॉट आणि १६ ला २५ वॉटच्या वर. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न असते ना? तेवढी उष्णता प्लॅस्टिकच्या सॉकेटच्या पोटात, आणि तीही तासन्‌तास! गीझर त्याच सॉकेटवर चालला असता, पण तो अर्ध्या तासात बंद होतो.

अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट या गाडीच्या २०१३ च्या मॉडेलपासून हीच सावधगिरी दिसली. घरच्या साध्या सॉकेटवर ती आपणहून ८ अँपिअरच घेई. १२ हवे असतील तर मालकाला तसे मुद्दाम सांगावे लागे. भिंतीतली वायर कशी आहे हे गाडीला कळत नाही, ते घरच्या माणसालाच पाहावे लागते.

आधी हिशेब, मग वायरमन

मुळात करंट वाढवायची गरज आहे का? आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ६ अँपिअर म्हणजे तासाला सुमारे १.४ युनिट, १० म्हणजे २.३ आणि १६ म्हणजे जवळपास ३.७ युनिट. बॅटरी भरायला १० युनिट लागत असतील, तर ६ अँपिअरला सात-आठ तास लागतात. गाडी रात्री नऊपासून सकाळी सातपर्यंत उभी राहत असेल, तर काहीच बदलू नका. भावाचे काम १० अँपिअरवर पाच तासांत होणार होते. १६ ची त्याला गरजच नव्हती.

तरीही दुसऱ्या दिवशी चांगला वायरमन बोलावला. त्याने मीटरच्या बोर्डापासून गाडीसाठी वेगळी लाइन ओढली, ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरची. जुनी लाइन अडीचची होती आणि तिच्यावरच वॉशिंग मशिनही होते. लाइनला वेगळा २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि उत्तम प्रतीचे नवे सॉकेट बसवले. सोसायटीत पार्किंग मीटरपासून लांब असेल, तर वायर आणखी जाड लागते. वीजबिलावरचा मंजूर भारही पाहून घ्या, तो कमी पडत असेल तर वाढवून मागा. एक्स्टेंशन बोर्ड किंवा अॅडॉप्टर मात्र अजिबात नको.

अर्थिंगबद्दल थोडे कडक बोलायला हवे. अर्थिंग नीट नसेल तर चार्जिंग केबलच्या डबीवर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरू होत नाही. अशा वेळी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून डबीला फसवणारे महाभाग आहेत. पुढे कधी न्यूट्रल तुटली, तर गाडीच्या पत्र्यातच वीज उतरते, आणि त्या पत्र्याला सकाळी पहिला हात एखाद्या मुलाचाही लागू शकतो. तसे सुचवणाऱ्या वायरमनला चहा पाजून परत पाठवा आणि आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्या.

कोणी ३२ अँपिअरचा भिंतीवरचा चार्जर खपवू पाहील. पण बऱ्याच हायब्रिड गाड्यांमधला चार्जर मुळात १६ अँपिअरच्या आसपासच घेतो. आपल्या गाडीचे पुस्तक पाहिल्याशिवाय पैसे घालू नका.

भावाने आकडा १० वर ठेवला आहे. गाडी पहाटे चारच्या सुमारास भरते. सुरुवातीचे काही दिवस त्याने अर्ध्या तासाने आणि मग दोन तासांनी प्लगला हाताची मागची बाजू लावून पाहिली. कोमट असेल तर चालते, हात ठेववत नसेल तर बंद. आता तो विसरतो, पण वहिनी विसरत नाहीत. झोपण्याआधी गॅसचा नॉब पाहतात आणि मग गॅरेजमध्ये एक फेरी मारून येतात.