न्यू टाउन: कळेच्या गाण्याच्या माहेराशेजारी

कोलकात्याच्या विमानतळाकडून न्यू टाउनमध्ये शिरताना जुने असे काही नजरेस पडत नाही. रुंद विश्व बांगला सरणी, आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, ‘ॲक्शन एरिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसाहती आणि ४८० एकरांवर पसरलेला इको पार्क. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथे राजारहाटची भातशेती आणि माशांची तळी होती. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या हिडको या सरकारी महामंडळाने ही नगरी आखली. नोकरीपायी इथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत माझ्या बहिणीचे एक. तिच्या घरी आमच्या आजोबांचा पेटीतला ग्रामोफोन आहे. एचएमव्हीचे १०२ हे मॉडेल, १९३१ मध्ये बाजारात आलेले. गेल्या हिवाळ्यात चावी देता देता आतून खाडकन आवाज आला आणि चावी नुसतीच फिरू लागली. स्प्रिंग तुटली होती.

स्प्रिंग परदेशातून मागवायची तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून ती परवडत नाही. म्हणून कोलकात्यातच शोध सुरू केला. त्या शोधात न्यू टाउन कुणाच्या शेजारी वसले आहे ते कळले.

विमानतळाच्या पलीकडे दमदम. तिथे जेसोर रोडवर एचएमव्ही हा छाप असलेल्या ग्रामोफोन कंपनीचा कारखाना १९२८ मध्ये उभा राहिला. त्याआधी तो सियालदहला होता आणि तिथे १९०८ पासून तबकड्या छापल्या जात होत्या. त्याहीआधी, नोव्हेंबर १९०२ मध्ये, कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग यांनी कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, पण त्या तबकड्या छापून आल्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. पुढे दमदमचा कारखाना सगळ्या देशाला गाणी पुरवू लागला. १९६० च्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली. एचएमव्हीसाठी गायलेल्या बालगंधर्वांच्या आणि हिराबाई बडोदेकरांच्या ज्या तबकड्या मराठी घरांत जपून ठेवल्या गेल्या, त्यांचे मूळही याच शहरात. बंगाली माणूस ग्रामोफोनला ‘कलेर गान’ म्हणतो, म्हणजे कळेचे गाणे. चावी देण्याला तो ‘दम देणे’ म्हणतो. कळेत श्वास भरायचा, असा अर्थ मला त्यात ऐकू येतो.

ग्रामोफोनच्याही आधीचा, नळकांड्यांवर गाणारा फोनोग्राफ इथल्या एका उद्योजकाने आपलासा केला होता. कुंतलीन तेलाचे हेमेंद्रमोहन बोस यांनी १९०६ च्या सुमारास धर्मतल्यात ‘टॉकिंग मशीन हॉल’ थाटला आणि स्वतःची नळकांडी काढली. वंगभंगाविरुद्धच्या स्वदेशी चळवळीचे ते दिवस होते. खुद्द रवींद्रनाथांचा आवाज त्यांनी नळकांड्यांवर घेतला. न्यू टाउनमध्ये आज रवींद्रतीर्थ आणि नझरुलतीर्थ ही दोन सांस्कृतिक केंद्रे आहेत. नझरुल इस्लामही ग्रामोफोन कंपनीसाठी गीते लिहीत, चाली देत आणि गायकांना शिकवत. दोन्ही वास्तू नव्या असल्या तरी दोन्ही नावे कळेच्या गाण्याशी बांधलेली आहेत.

तबकड्यांचा कारखाना कोलकात्यालाच का आला, या प्रश्नाच्या उत्तरात दुरुस्तीचीही किल्ली सापडते. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची. लाख येते पुरुलिया आणि छोटा नागपूरच्या रानांतून आणि तिचा मोठा व्यापार कोलकात्याचा. पिनेच्या थरथरीतून आवाज काढणारा भाग म्हणजे साउंड बॉक्स. जुन्या साउंड बॉक्समधली थरथरणारी चकती अभ्रकाची. कोडरमाचे अभ्रक कोलकात्याच्या बंदरातून जगभर जाई. यंत्राला लागणारे निम्मे सामान ‘सुटे भाग’ म्हणून शोधावेच लागत नाही. अभ्रक, रबर, बनात, चामडे आणि ग्रीस यांवर बरेच भागते, आणि हा सगळा साधा, स्वस्त माल आहे.

न्यू टाउनहून आधी सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हला यावे. तिथून मेट्रो सियालदहमार्गे एस्प्लनेडला पोचते. एस्प्लनेडच्या उत्तरेला चांदनी चौकाचा बाजार. विजेचे सामान, रेडिओ-ॲम्प्लिफायरचे भाग, स्क्रू, वॉशर, रबरी नळ्या, वंगणे यांची दुकाने एकमेकांना खेटून आहेत. दक्षिणेला मिर्झा गालिब स्ट्रीट, जुने नाव फ्री स्कूल स्ट्रीट. तिथे जुन्या तबकड्या विकणारे आहेत, आणि अमक्या भागासाठी कुठल्या कारागिराकडे जावे हे त्यांना विचारावे. रसेल स्ट्रीटवर १९४० पासून चालत आलेले रसेल एक्स्चेंज हे लिलावघर आहे. मोडकी पेटी अशा ठिकाणीही शोधावी. एका मोडक्या पेटीतून स्प्रिंग, वेग आवरणारा गव्हर्नर, चावी, ब्रेक असे चार-पाच भाग एकदम मिळतात. सुटे भाग एकेक करून जमवण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

बाजारात जाताना तुटलेला भाग सोबत न्यावा. स्प्रिंगची रुंदी आणि जाडी मोजावी, टोकाला भोक आहे की आकडा ते पाहावे. नुसत्या मॉडेलच्या नावावर घेतलेली स्प्रिंग डब्यात बसेलच असे नाही. टोकाजवळ तुटली असेल तर कारागीर ते टोक तापवून मऊ करतो, नवे भोक पाडतो आणि तीच स्प्रिंग पुन्हा बसवतो. स्प्रिंगचा डबा मात्र घरी उघडू नये. गुंडाळलेले पोलाद सुटले तर हात फाडते.

गव्हर्नरच्या पातळ पट्ट्या घड्याळजी बदलू शकतो. थाळीवरची बनात आणि ब्रेकचे चामडे हार्मोनियम बनवणाऱ्याकडे मिळते, आणि कोलकाता तर हार्मोनियमचे शहर. साउंड बॉक्सची रबरी कडी कडक झाली की आवाज चिरका येतो. ती बदलणे हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोठा फरक पाडणारा उपाय. जस्ताच्या मिश्रधातूचा साउंड बॉक्स फुगून तडकला असेल, तर तो मात्र सांधत बसू नये, दुसरा शोधावा. एक पोलादी पिन तबकडीच्या एकाच बाजूसाठी वापरायची. तबकडीच्या लाखेत मिसळलेली दगडाची भुकटी पिनेला घासते, म्हणून झिजलेली पिन पुढच्या वेळी तबकडीच कापते. वेग तपासायला थाळीवर कागदाचा कपटा ठेवून मिनिटाला ७८ फेऱ्या मोजल्या तरी पुरे.

जुनी पेटी शोधताना एक सावधपणा हवा. लखलखीत पितळी कर्णा, नवे लाकूड आणि त्यावर एचएमव्हीच्या कुत्र्याचे चित्र ठोकलेली ‘प्राचीन’ यंत्रे देशातल्या सगळ्याच जुन्या बाजारांत दिसतात. मुंबईच्या चोर बाजारातही दिसतील. त्यांतल्या पुष्कळ यंत्रांची मोटर जुन्या पेटीतून काढलेली असते, म्हणजे एक खरी पेटी मोडून एक खोटे यंत्र उभे राहते. घराच्या शोभेसाठी ते घेणाऱ्याने एवढे तरी जाणून घ्यावे. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था आणि तिचे कार्यकर्ते सुरेश चांदवणकर यांनी जुन्या तबकड्या ऐकण्याची आणि जपण्याची गोडी लोकांना लावली. तबकडी जपायची, तर तिला वाजवणारी पेटीही चालती ठेवायला हवी.

आमची स्प्रिंग धर्मतल्याच्या एका गल्लीत मिळाली, गंजलेल्या दुसऱ्या पेटीतून. म्हाताऱ्या कारागिराने आधी आमची तुटलेली स्प्रिंग बोटांनी मापली, मग ढिगाऱ्यातून तिची जोड काढली. जुने वाळलेले ग्रीस रॉकेलने धुऊन त्याने ग्रॅफाइटचे ग्रीस भरले. काम झाल्यावर पेटी भाच्यापुढे सरकवून तो म्हणाला, “दम दाओ.” भाच्याने सावकाश चावी दिली.

संध्याकाळी न्यू टाउनच्या घरी हिराबाईंची तबकडी लावली. ती इथून काही किलोमीटरांवर छापली गेली होती, रेल्वेने सांगलीला गेली होती, आणि तीन पिढ्यांनी ऐकून झाल्यावर बहिणीच्या सामानातून परत आली होती. खाली विश्व बांगला सरणीवर दिवे लागले होते. तीन मिनिटांनी गाणे संपले, आणि भाच्याने कुणी न सांगता पिन बदलली.