कोरियाचे मिशनरी: तांदळाच्या मुठीपासून काबूलच्या रस्त्यापर्यंत

दक्षिण कोरियातून परदेशी जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांची संख्या आज २० हजारांच्या पुढे आहे. ज्या देशात प्रॉटेस्टंट लोक एक कोटीही नाहीत, तिथून इतकी माणसे का जातात? अमेरिकेने लावलेले वळण आणि हाती आलेला पैसा, असे उत्तर सहसा मिळते. मला ते अपुरे वाटते. अंडरवुड आणि ॲपेन्झेलर हे अमेरिकन मिशनरी १८८५ मध्ये कोरियात उतरले हे खरे; पण त्याआधीच मांचुरियात जॉन रॉस या स्कॉटिश मिशनऱ्याबरोबर बायबलच्या भाषांतराला बसलेल्या कोरियन माणसांनी ती पुस्तके सरहद्दीपलीकडे आपल्या गावांत नेली होती. पुढे १८९० मध्ये जॉन नेव्हियस या मिशनऱ्याच्या सल्ल्यावरून कोरियातल्या मिशनऱ्यांनी धोरण ठरवले, की चर्चचा खर्च, कारभार आणि प्रचार स्थानिकांनीच सांभाळायचा. त्यामुळे घरातली बाई भात टाकण्याआधी चर्चसाठी थोडे तांदूळ बाजूला काढू लागली. ज्यांना पैसा देणे जमत नसे, ते प्रचारासाठी आपले दिवस लिहून देत. घरचे धान्य आणि अंगमेहनत घालून उभा राहिलेला धर्म परका राहत नाही, तो दुसऱ्यापर्यंत नेण्याची जबाबदारीही आपलीच वाटू लागते.

म्हणूनच १९०७ मध्ये पहिल्या सात कोरियन प्रेस्बिटेरियन पाळकांना दीक्षा मिळाली, तेव्हा त्यांतल्या यी गी-पुंग यांना जेजू बेटावर पाठवायचे ठरले. १९१२ मध्ये या चर्चची पहिली महासभा भरली आणि तिने तिघांना चीनच्या शांडोंग प्रांतात धाडण्याचा निर्णय घेतला. दोनच वर्षांपूर्वी जपानने देश गिळला होता, लोक गरीब होते, तरी हे घडले. मग १९७०च्या दशकाअखेरीस परदेशात गेलेले कोरियन मिशनरी शंभराच्या आतच का होते, असे कोणी विचारील. तेव्हा सामान्य कोरियन माणसाला परदेश प्रवासाची मोकळीकच नव्हती. ती १९८९ मध्ये मिळाली आणि त्यानंतर आकडा झपाट्याने वाढला. पैशाने आणि पासपोर्टने वाट मोकळी केली, पण ओढ जुनीच होती.

यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो टाळता येणार नाही. जुलै २००७ मध्ये सोलजवळच्या एका चर्चचे २३ जण काबूलहून कंदाहारकडे बसने निघाले असताना तालिबानने त्यांना पळवले. दोघांना ठार केले, उरलेल्यांना सोडवताना कोरियन सरकारला अफगाणिस्तानातले मिशनरी काम थांबवण्याची हमी द्यावी लागली. मायदेशात सहानुभूतीपेक्षा संतापच अधिक उसळला, कारण प्रवासाविरुद्ध सरकारी इशारा होता. हे मूठभर उतावळ्यांचे कृत्य होते, अशी सबब मला पटत नाही. प्रत्येक मंडळी आपल्या पैशाने, आपल्या जबाबदारीवर माणसे पाठवणार, हीच जुन्या स्वावलंबनाची रीत. तिच्यावर वडीलधारा धाक उरला नाही की धाडस आणि चढाओढ यांतला फरक पुसला जातो. शांडोंगला गेलेल्यांनी आपले वेगळे कोरियन चर्च थाटले नव्हते. ते तिथल्या चिनी चर्चच्या शिस्तीखाली काम करत. कोरियन चर्चने आज माणसे पाठवताना आधी हीच अट घालावी: ज्या देशात जायचे, तिथल्या ख्रिस्ती लोकांनी बोलावले असेल आणि त्यांच्या हाताखाली राबायची तयारी असेल, तरच जावे.