जीरूची जात कोणती?

सकाळी साडेसहाला जीरूला घेऊन खाली उतरलं की बागेच्या फाटकापर्यंत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "भैया, कौन-सी नस्ल है?" आणि दुसरा, "काटती तो नहीं?" पहिले सहा महिने या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी मोठ्या झोकात देत होतो. "पॉमेरेनियन और डॅशहुंड का मिक्स है. पॉम है ना, थोड़ी गुस्सैल है." त्यातलं पहिलं अर्धवट चुकीचं होतं आणि दुसरं पूर्ण.

जीरू आमच्याकडे आली ती चार वर्षांची असताना. बाबांचे बँकेतले जुने सहकारी मुलाकडे बेंगळुरूला कायमचे निघाले होते आणि तिथल्या घरात कुत्र्याची सोय नव्हती. काकांनी विचारलं, मुलीने हट्ट धरला, बायको हो म्हणाली. आईने मात्र स्पष्ट सांगितलं, "कुत्रं घरात येणार नाही. आलंच तर देवघराच्या खोलीत येणार नाही. आणि माझ्याकडून काही अपेक्षा ठेवायची नाही." होळी झाल्यावरच्या रविवारी काका तिला घेऊन आले. बरोबर स्टीलची वाटी, एक जुनी सतरंजी आणि लसींच्या नोंदींची फाईल. जाताना त्यांनी जिना उतरून पुन्हा वर येऊन तिला एकदा पाहिलं होतं, एवढं मला आठवतं.

दिसायला जीरू मजेशीर आहे. तोंड आणि केस स्पिट्झचे, पाठ गरजेपेक्षा लांब, पाय मात्र एवढेसे. एक कान उभा, दुसरा अर्ध्यावर वळलेला. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, पोह्यांवर जीरावन भुरभुरल्यासारखे, म्हणून मुलीने नाव ठेवलं जीरू. काकांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण त्यांनीच "आता तुमची आहे, तुम्ही ठेवा" म्हणून सांगितलं होतं. गंमत म्हणजे ज्या पोह्यांवरून नाव पडलं ते तिला चालत नाहीत. कांद्याने कुत्र्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मनुका-बेदाणे त्याहून वाईट, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा तिच्या वाटीत घालायला निघालेल्या आईला मी हे सांगितलं, तेव्हा तिने निमूटपणे बेदाणे वेचून बाजूला काढले. मग विचार करून शिराही परत घेतला.

पहिले तीन दिवस जीरू दिवाणाखालून बाहेर आली नाही. चौथ्या दिवशी पाणी प्यायली आणि आठवड्याने शेपटी हलली. या काळात मी, सवयीने, वाचन सुरू केलं. आमच्या धंद्यात नवी प्रणाली हातात आली की आधी कागदपत्रं वाचतात. पॉमेरेनियन: हुशार, भुंकणारा, तापट. डॅशहुंड: हट्टी, खणण्याची आवड. जर्मनमध्ये डाक्स म्हणजे बिज्जू. त्याच्या बिळात शिरता यावं म्हणून ही बुटकी, लांब कुत्री तयार केली गेली. जीरूने बाल्कनीतली मोगऱ्याची कुंडी उकरली तेव्हा मी घरात जाहीर केलं, "बघा, डॅशहुंडचं रक्त." ती उचलून घेताना गुरगुरली तेव्हा म्हटलं, "पॉमचा स्वभाव." प्रत्येक गोष्टीला खुलासा तयार.

पॉम म्हणण्यातही घोटाळा होताच. आपल्याकडे ज्याला पॉमेरेनियन म्हणतात ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. १९९४ सालच्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी आठवतो ना, तसलं. खरा पॉमेरेनियन जेमतेम दोन-तीन किलोचा जीव. पण हा घोटाळा फारसा महत्त्वाचा नव्हता. मोठी चूक दुसरीच होती.

उचलताना गुरगुरणं वाढत गेलं. आधी कधीतरी, मग जवळजवळ रोज. आम्ही तिला रागावायचो, "नो, जीरू!" काही दिवसांनी ती गुरगुरेनाशी झाली आणि मला वाटलं, शिकली. प्रत्यक्षात ती तोंड फिरवायची, ओठ चाटायची, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघायची. हे सगळं कुत्र्याचं "नको" असतं. ते आम्हाला वाचता येत नव्हतं आणि जे ऐकू येत होतं ते आम्हीच बंद पाडलं. इशारा देणारा दिवा सारखा लागतो म्हणून दिव्याची तारच कापून टाकावी, तसं. ऑगस्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या एका मुलाने तिला कौतुकाने पोटाखालून उचललं आणि ती एकदम त्याच्या हातावर गेली. दात लागले, रक्त आलं नाही. तिची रेबीजची लस झालेली होती, तरी त्याचा हात साबणाच्या वाहत्या पाण्याखाली धुतला आणि त्याला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. त्याची आई समजूतदार होती. बाकीचा मजला तेवढा नव्हता. "भाईसाहब, इसको कहीं छोड़ आओ." रात्री जेवताना बायकोने हळूच विचारलं, "दुसरं कोणी घेईल का तिला?" मुलगी ताटावरून उठून गेली. मी फोनमध्ये दोन-तीन ओळखीच्यांचे नंबर शोधूनही ठेवले.

त्याच आठवड्यात आई एकदा म्हणाली, "ही हल्ली अंग झटकत नाही."

मला कळलंच नाही. आई म्हणाली, "अरे, झोपून उठली की कुत्री कानापासून शेपटीपर्यंत झटकतात. आली तेव्हा ही झटकायची, माझ्या पूजेच्या वेळी. आता नुसती उभी राहते. आणि दिवाणावर उडी मारायच्या आधी विचार करते." मग स्वतःच्या कमरेवर हात ठेवून, "माझी धरते ना, तेव्हा मलाही कोणी हात लावलेला खपत नाही." अपेक्षा ठेवू नका म्हणणारी आई रोज सकाळी तिच्याकडे बघत होती. मी तिच्या जातीबद्दल वाचत होतो. "बघू, डॉक्टरला दाखवू," म्हणालो आणि कामाला लागलो.

अनंत चतुर्दशीच्या रात्री आम्ही झांक्या बघायला गेलो होतो. एकच्या सुमारास आईचा फोन आला, "जीरूचे मागचे पाय लटपटताहेत. दारू प्यायल्यासारखी चालतेय." घरी आलो तर ती दिवाणाखाली बसलेली, पाठीची कमान झालेली, थरथरत होती. घरातली दुखण्यावरची अर्धी गोळी द्यावी असं माझ्या मनात आलं होतं. बायकोने अडवलं ते बरं झालं. आयबुप्रोफेनसारखी आपली साधी गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरते. सकाळी आठला डॉक्टरांच्या दाराशी उभे होतो.

डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर न ठेवता जमिनीवर उभं केलं. मागचं पाऊल हळूच उलटं करून ठेवलं. निरोगी कुत्रं ते त्याच क्षणी सरळ करतं, जीरूचं तसंच राहिलं. मग बोटं चिमट्याने दाबली, तेव्हा तिने वळून बघितलं आणि कण्हली. "ये अच्छा है," बाई म्हणाल्या. खोलवरची वेदना कळते आहे, म्हणजे मज्जारज्जू पूर्ण निकामी झालेला नाही. मी नेहमीचं वाक्य टाकलं, पॉम आहे, चिडकी आहे. त्या पाठीवरून एकेक मणका चाचपत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "गुस्सा नहीं है इसको. दर्द है. कब से है?"

कब से याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मणक्यांमधली गादी सरकली होती. साध्या एक्स-रेमध्ये हाडं दिसतात. गादी आणि मज्जारज्जू नीट बघायचा तर एमआरआय लागतो. पाय पूर्ण लुळे पडले असते तर शस्त्रक्रियेसाठी धावपळ करावी लागली असती आणि तिथे तासांना किंमत असते. आमच्या नशिबाने औषधं आणि सक्तीची विश्रांती यावर भागणार होतं.

नंतर जे वाचलं ते आधी वाचायला हवं होतं. २००९ साली संशोधकांना डॅशहुंड, बासेट अशा बुटक्या जातींच्या पायांचं कारण सापडलं. शरीराच्या वाढीशी संबंधित एफजीएफ-४ नावाच्या जनुकाची एक जादा प्रत भलत्याच ठिकाणी चिकटलेली. शुद्ध कॉपी-पेस्टची चूक. २०१७ साली आणखी एक प्रत सापडली, बाराव्या गुणसूत्रावर. ही प्रत असली की मणक्यांमधल्या गाद्या लहान वयातच सुकून कडक होतात आणि उडीच्या एखाद्या धक्क्याने सरकतात. आईबापांपैकी एकाकडून आली तरी पुरते. दर चार-पाच डॅशहुंडांमागे एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. मिश्र जातीची कुत्री काटक असतात, हे मीही अनेकांना ऐकवलं होतं. पण लांब पाठ आणि बुटके पाय डोळ्यांसमोर दिसत असताना कुठल्या मिश्रणाचा भरवसा धरायचा?

आणि स्वभावाचं म्हणाल, तर २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पालकांना प्रश्न विचारले होते आणि २ हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली होती. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असं निघालं. शरीराच्या ठेवणीबद्दल मात्र जात पुष्कळ काही सांगते. मी नेमकं उलटं केलं होतं. जातीवरून स्वभाव ठरवला आणि शरीराकडे पाहिलंच नाही. जातीवरून स्वभाव सांगायची आपली खोड जुनीच म्हणा. कुत्र्यांच्या बाबतीत तरी निरुपद्रवी असेल असं वाटलं होतं.

पुढचे पाच आठवडे जीरू मुलीच्या जुन्या कठड्याच्या पलंगात राहिली. तो जमिनीवर ठेवून, खाली सतरंजी घालून. फिरणं नाही, उडी नाही, जिना नाही. शू-शीसाठी पोटाखालून टॉवेलची झोळी करून गच्चीवर न्यायचं, पाच मिनिटांत परत. धावणाऱ्या प्राण्याला बसवून ठेवणं फार अवघड आहे. पहिला आठवडा ती रात्री रडायची. दुसऱ्या आठवड्यात आईने आपली खुर्ची पलंगाशेजारी आणली. मटार सोलणं, वर्तमानपत्र, रामरक्षा, सगळं तिथेच. पलंग देवघराच्या दाराला टेकलेला होता, त्यावर कोणी काही बोललं नाही.

उचलायचं कसं तेही शिकलो. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ जमिनीला समांतर. गळ्यातला पट्टा गेला, छातीवरून जाणारा हार्नेस आला. सुताराकडून प्लायवूडचा उतार करून घेतला आणि त्यावर पायपुसणं चिकटवलं. आपल्या घरांतल्या गुळगुळीत फरशीवर या कुत्र्यांचे पाय फाकतात आणि पाठीला हिसका बसतो, म्हणून बैठकीत सतरंज्या अंथरल्या. वजन साडेनऊ किलो होतं. आईच्या गुपचूप दिलेल्या पोळ्या बंद झाल्यावर आठच्या खाली आलं. हात फिरवला की बरगड्या बोटांना लागायला हव्यात, ही बाईंनी सांगितलेली खूण सोपी आहे.

काकांचा दर रविवारी फोन यायचा. त्यांना सांगायला मला आठ दिवस लागले. ऐकून ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, "दिवाणावरून उडी? अरे, मी तिला कधी उडी मारू नाही दिली. दोन्ही हातांनी वर ठेवायचो, दोन्ही हातांनी खाली. सांगितलं नव्हतं का मी?"

नव्हतं सांगितलं. काकांना गादी-मणके-जनुकं काही ठाऊक नव्हतं. चार वर्षांत हाताला जे कळलं ते ते करत होते आणि कुत्र्याला असंच उचलतात अशी त्यांची समजूत होती. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं त्यांना वाटलं असणार. विचारायला हवं होतं ते मी. फाईल घेतली, लसींच्या तारखा कॅलेंडरमध्ये टाकल्या, पण ती कशी झोपते, कशी उठते, तिला काय आवडत नाही, यातलं एक अक्षर विचारलं नाही. वर आमच्याकडे आल्यावर मुलगी दिवाणावरून चेंडू टाकायची, जीरू मागोमाग उडी घ्यायची आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. त्याचे व्हिडिओही आहेत माझ्याकडे. ते मी पुसलेले नाहीत, पण बघतही नाही.

ती पूर्वीसारखी पूर्ण झाली नाही. डावा मागचा पाय किंचित घासतो, त्या बाजूची नखं लवकर झिजतात. दुखणं पुन्हा उलटू शकतं असं बाईंनी सांगून ठेवलंय. खालच्या मजल्यावरचा तो मुलगा आता तिच्याशी खेळायला येतो. आधी जमिनीवर बसतो, हात पुढे करून थांबतो आणि ती स्वतः आली तरच हात लावतो. हे त्याला माझ्या मुलीने शिकवलं. तेव्हापासून जीरू कुणाच्या अंगावर गेलेली नाही. एकदा पाहुण्यांच्या हातात गुरगुरली, तेव्हा आम्ही तिला लगेच खाली ठेवलं.

बागेच्या फाटकाशी प्रश्न अजून तेच येतात. नस्ल विचारली की म्हणतो, मिक्स आहे, पाठ नाजूक आहे, उचलू नका. लोकांना उत्तर पुरत नाही, पण ते उचलत नाहीत.

आज सकाळी मी चहा करत होतो. सतरंजीवरून जीरू उठली, पुढचे पाय ताणले, क्षणभर थांबली आणि मग कान फडफडवत शेपटीपर्यंत सगळं अंग झटकलं. देवघरातून घंटेच्या आवाजातच आईचा आवाज आला, "झटकलं बरं का रे."